थोरल्या दगडाची नवी साल

सोमवार, २ सप्टेंबर

आले एकदाची! दोन बॅगा, एक उशी आणि ताईने जबरदस्तीने कोंबलेला कुकर, एवढा संसार उचलून जिने चढले. वर पोचल्यावर कळलं की इमारतीला लिफ्ट आहे, फक्त तिचं दार मागच्या बाजूला आहे. घरमालकीणबाई खालून सगळं बघत होत्या, पण सांगतील तर शपथ. असू दे. खोली झकास आहे. खाली चष्म्यांचं दुकान, समोर मोठी खिडकी, सकाळचं ऊन थेट टेबलावर येतं.

प्रयोगशाळा चालत जाण्याजोगी. जुनी दगडी इमारत, उंच छत, आणि आत माझं यंत्र! माझंच म्हणायचं आता, कारण ते चालवणारी आधीची बाई सोडून गेली म्हणूनच मला बोलावलंय. इथल्या प्रमुखांना सगळे नुसतं सर म्हणतात. उंच, टापटीप, बोलणं साखरेत घोळलेलं. त्यांनी मला सगळ्यात आधी नेलं ते थोरल्याकडे.

थोरला म्हणजे दगड. चांगला जेवणाच्या टेबलाएवढा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. सरांनी स्वतः डोंगरातून काढून आणलेला. आमच्या माहितीतल्या दगडांत वयाने सगळ्यात मोठा असावा असा अंदाज, म्हणून नाव थोरला. माझं काम एवढंच, की त्याचं वय नक्की करायचं.

सरांनी हातोडीने एक कपचा उडवून माझ्या हातात ठेवला. आता आमच्या धंद्यात नव्या दगडाशी ओळख करून घ्यायची एकच रीत आहे: ताज्या फुटलेल्या बाजूला जीभ लावायची. ओलं झालं की एकेक कण उठून दिसतो. शेजारी पाण्याची बाटली असली तरी आमचा हात आधी तोंडाकडेच जातो. शिकताना लागलेली सवय, घरचे कितीही शी-शी करोत, सुटत नाही. मी लावली जीभ. चव काही नाही, जरा थंड. सर खूश झाले. स्वतःच्या हातातल्या कपच्यावर मात्र त्यांनी पाण्याचा फवारा मारला. म्हटलं, मोठी माणसं, सभ्य झाली असतील.

कोपऱ्यात पॉलिशचं चाक चालवणाऱ्या एक बाई आहेत, तोंडावर कायम मास्क. मी जीभ लावली आणि त्यांच्या हातातली चकती खणकन खाली पडली. मी हसून नमस्कार केला तर तोंड फिरवून बसल्या. शिष्ट माणसं काय, सगळीकडे असतात.

बुधवार, ४ सप्टेंबर

ताईने फोनवर विचारलं की दगडाचं वय काढतात म्हणजे करतात तरी काय. तिला सांगितलं तेच इथे लिहून ठेवते.

दगड फोडून, दळून, चाळून त्यातून झिरकॉन नावाच्या खनिजाचे कण वेचायचे. रव्यापेक्षाही बारीक. ते रेझिनच्या चकतीत बसवायचे आणि चकती घासायची, म्हणजे प्रत्येक कण अर्धा कापला जातो आणि आतलं दिसतं. कण जन्मतो तेव्हा त्याच्यात थोडं युरेनियम असतं, शिसं जवळजवळ नसतंच. मग युरेनियमचं हळूहळू शिसं होत जातं. शिसं जास्त, तर कण म्हातारा. लेसरने कणाला बारीक खड्डा पाडायचा, उडालेली पूड यंत्रात जाते, यंत्र मोजतं. मध्ये मध्ये वय माहीत असलेला कण मोजून बघायचा, म्हणजे घड्याळ बरोबर चाललंय ना ते कळतं.

मजा पुढे आहे. दगड जमिनीखाली खोल जाऊन भाजला गेला की जुन्या कणावर नवी साल चढते, कांद्यासारखी. आत गाभा, बाहेर साली. म्हणजे दगड जन्मला कधी आणि भट्टीतून किती वेळा गेला, हे सगळं एका कणात वाचता येतं. पृथ्वीवर पहिली जमीन कधी आणि कशी जमली, ते बघायला कुणीच नव्हतं. हे कण तेवढे होते.

आज पहिला गाभा मोजला. चारशे कोटी वर्षांच्या वर! मी खुर्चीतून उठून नाचले. ताई म्हणाली की एवढं वय तर आपल्या आत्याचं असेल. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात इथे मोठी सभा आहे, देशोदेशीचे भूशास्त्रज्ञ येणार, आणि थोरल्याबद्दल मी बोलणार. मी! आई म्हणायची की ही जन्मली तेव्हा रडली नाही, वाद घालायला लागली. आता तोच घसा कामी येतोय.

दातांत सारखी कचकच लागते. धूळ असणार. चूळ भरली तरी जात नाही.

सोमवार, ९ सप्टेंबर

डोकं फिरायची वेळ आली आहे. आज कणांच्या अगदी बाहेरच्या साली मोजल्या. त्यांच्यात शिसं नाही. कमी नाही, नाहीच. म्हणजे ही साल आत्ता, अलीकडे चढली. पण साल चढायला जमिनीखालची आच लागते, आणि थोरला तर खोलीत पंख्याखाली पडून आहे!

आधी स्वतःवरच संशय घेतला. यंत्र धुतलं, वय माहीत असलेला कण मोजला, बरोबर आला. पुन्हा साल मोजली, पुन्हा शून्य. दुसरा कण, तिसरा कण, तेच.

सरांकडे गेले. त्यांनी आकडे बघितले आणि शांतपणे म्हणाले की चुकार मोजमापं वगळायची असतात, सगळीकडे वगळतात. गाभ्याचं वय तेवढं ठेवा. मी म्हटलं, एखादं चुकार असतं सर, सगळीच्या सगळी चुकार कशी होतील? ते हसून म्हणाले की आधीच्या बाईही अशाच फार बोलायच्या. मी आकडे वगळले नाहीत. वगळणारही नाही. अरे वा, म्हणे वगळा! मी काय निवडणारी-टिपणारी आहे, की खडा दिसला आणि फेकला?

शुक्रवार, १३ सप्टेंबर

जुनी चकती पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. सोमवारी पाडलेले लेसरचे खड्डे शोधत होते. सापडेनात. चकती तीच, कण तेच, मी काढलेलं चित्रही तेच. पण खड्डे भरून आलेत. खरचटलेली कातडी धरते तसे. आणि कणांची साल पसरून रेझिनवर आली आहे. एका कणाची साल शेजारच्या कणाला जाऊन चिकटली आहे.

हे लिहिताना मला हसू येतंय. भीती वाटली की मला हसू येतं, लहानपणापासून. काय बोलू? दगड वाढतोय.

जिभेच्या शेंड्याला एक खरखरीत ठिपका आलाय. तिखट खाल्लं असेल म्हणावं, तर तसलं काही खाल्लेलं नाही.

मंगळवार, १७ सप्टेंबर

ठिपका पसरला. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी अवजाराने जिभेला टोचलं तर टक् असा आवाज झाला. डॉक्टरांनी अवजाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. पुन्हा टोचलं. पुन्हा टक्. म्हणाले की क्षार साठत असावेत, मोठ्या दवाखान्यात दाखवा, चिठ्ठी देतो. चिठ्ठीवरचं अक्षर लागत नाही.

फोनवर माझं बोलणं बोबडं झालं. ताईला वाटलं मी चेष्टा करतेय. तीही बोबडं बोलायला लागली, आम्ही लहानपणी बोलायचो तसं. खूप हसली बिचारी. मी फोन ठेवला आणि मोठ्याने रडले.

मग डोळे पुसून विचार केला. त्या कपच्यातले कण. माझी जीभ. साल चढायला आच लागते असं आम्ही पुस्तकात शिकलो. या दगडाला माणसाच्या अंगाची ऊबही पुरत असेल तर?

गुरुवार, १९ सप्टेंबर

आज सरांना सरळ तोंडावर विचारलं. घाबरत नाही मी कुणाच्या बापाला. म्हटलं, तुम्हाला ठाऊक होतं.

नाकबूल केलं नाही त्यांनी! खिडकीत उभं राहून, वर्गात शिकवावं तसं सांगितलं. म्हणाले की पृथ्वीवर आधी सगळा तापलेला चिखल होता, त्यात जमीन कुठे तरी, कशाला तरी धरूनच जमली असणार. एक कण, त्याच्यावर साल, सालीवर साल. थोरला अजून तेच करतोय, बाकीचे दगड थांबले, हा थांबला नाही. त्याला धरायला काही तरी लागतं, एवढंच. माणसं थोडी गप्प होतात, पण काम उत्तम करतात. माझ्या जिभेकडे त्यांनी अशा कौतुकाने बघितलं की मला शिसारी आली.

सभेत थोरला व्यासपीठावरच फोडायचा आणि प्रत्येक पाहुण्याला ताजा कपचा द्यायचा, असं ठरलंय. देशोदेशीचे भूशास्त्रज्ञ. कपचा हातात आल्यावर ते काय करतील, हे मला कुणी सांगायला नको.

मी म्हटलं, मी बोलणार आहे त्या सभेत, आणि सगळं बोलणार आहे. सर म्हणाले, अवश्य बोला. जमलं तर.

सोमवार, २३ सप्टेंबर

पॉलिशवाल्या बाई. आज चाक थांबवून त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं. दार लावलं. मास्क खाली केला.

तोंड उघडं होतं, मिटत नव्हतं. आत जीभ नाही. म्हणजे आहे, पण काळी पट्टी, पांढरी पट्टी, काळी पट्टी.

मी एकेक विचारत गेले, त्या मान हलवत गेल्या. यंत्रावरची आधीची बाई सोडून कुठे गेलीच नाही. ही तीच. बोलता येईना, बोटं वळेनात, लिहिताही येईना, तेव्हा सरांनी चाकावर बसवलं. चकती दाबून धरायला बोटं वळावी लागत नाहीत. आणि मी पहिल्या दिवशी हिला शिष्ट म्हटलं!

मी त्यांना मिठी मारली. अंग ऊबदार होतं, खांदे टणक. मग मी बोबड्या जिभेने शब्द दिला की सभेला कुणाच्या तोंडाला दगड लागू देणार नाही. त्यांनी चाकावर हात आपटला. हो म्हणून.

बुधवार, २५ सप्टेंबर

आवाज जवळजवळ गेला. येतो तो घरघर.

सगळ्या पाहुण्यांना मेल केली. सरांनी माझ्या आधीच सगळ्यांना कळवून ठेवलंय की कामाचा ताण पडून यंत्रावरच्या नव्या बाईंची तब्येत बिघडली आहे, त्यांचं मनावर घेऊ नका. एकाने मला फुलांचं चित्र पाठवलं, लवकर बऱ्या व्हा म्हणून. बरी होते हं, थांब.

फोनवर ताई एकटीच बोलते. मी टकटक करते, एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. ती म्हणाली, तशीच निघून ये, तुझे भावोजी गाडी घेऊन येतात. मी दोनदा वाजवलं. ती ओरडली की मेली हट्टी ती हट्टीच. मी एकदा वाजवलं. मग ती हुंदके देत राहिली आणि मी फोन कानाला तसाच धरून बसले.

जायचं असतं तर जिभेला ठिपका आला तेव्हाच गेले असते. मी गेले तर त्या सभेत तोंड उघडणारं कोण आहे?

शुक्रवार, २७ सप्टेंबर

जिभेच्या शेंड्याचा तुकडा चिमट्याने काढला. दुखलं नाही. रक्त नाही. दुखलं असतं तर बरं वाटलं असतं.

चकतीत बसवला. बाईंनी पॉलिश केलं, इतकं सुंदर की आरसा. मोजला.

साल – शिसं नाही.

गाभा – चारशे कोटींच्या वर.

आई सारखी म्हणायची, मोठ्यांशी बोलताना जीभ आवर. आता माझ्या जिभेहून मोठं कुणी उरलं नाही! सरांनी यावं माझ्यासमोर.

आले. आकडे बघितले. चुकार म्हणाले. पुसले. यंत्राच्या खोलीला कुलूप घातलं. तुकडा खिशात टाकून घेऊन गेले, माझा तुकडा, माझ्या तोंडातला. चोर लेकाचा.

रविवार, २९ सप्टेंबर

जबडा बसला. पातळ काही तेवढं जातं.

उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट – एकच झालंय. पेन उरलेल्या तीन बोटांत धरते.

तरी हरले नाही. नाहीच. पुठ्ठा आणलाय, मोठा. त्यावर लिहिणार. व्यासपीठावर जाऊन उभी राहणार, ढकला म्हणावं मला, बघू कसे ढकलता. वजन वाढलंय माझं.

सोमवार, ३० सप्टेंबर

पुठ्ठा लिहून झाला. अक्षर लहान मुलासारखं, पण वाचता येतं. बाईंना दाखवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. डोळे अजून डोळेच आहेत, दोघींचेही.

ताई, तुला सांगते, भीती वाटते गं. खूप. पण रागच जास्त येतो. मला गप्प करायला दगड आणावा लागला यांना. नुसत्या माणसाला जमलं नसतं –

मंगळवार, १ ऑक्टोबर

सभागृह. पहिली रांग.

दारातच पुठ्ठा काढून घेतला. प्रकृती बरी नाही, बसा म्हणाले. गोड बोलून. माझं भाषण यादीत नाही. बाई शेजारी.

वही राहिली. वहीकडे कुणी बघत नाही.

सर बोलतायत. गाभ्याचं वय सांगितलं. टाळ्या. सालीबद्दल अक्षर नाही.

हातोडी –

फुटला. ताटांत कपचे. रांगेतून फिरतायत. मागे हसतायत, वजन बघतायत, उजेडाला धरतायत. पलीकडच्या म्हाताऱ्या प्राध्यापकांच्या हातात आलाच. भिंग काढलं त्यांनी. आता ते –

मी उठले. पाय वळत नाहीत. पडले. बाईंनी बसवलं. घशातून आवाज काढला, कुणी मागे वळून श्श केलं. मला श्श!

हे पान फाडून वर धरणार. मोठं लिहायचं. बोटं नाहीत आता, मूठ आहे. बाईंनी माझी मूठ त्यांच्या दोन्ही तळव्यांत दाबून धरली. दोघींचा मिळून एक हात. चालतो. हळू चालतो पण चाल

कपचा तोंडाकडे – थांबा – अहो

थांबा

दगड

जिभेला

लावू न